वाचतोस ते समजते का?



आज सामान्य काळातील अकरावा रविवार. या आठवड्यात शाळा पुन्हा सुरू होत आहेत. दुकानांत वह्या-पुस्तकांची, रेनकोटांची गर्दी उसळली आहे. आज मिस्सानंतर पुष्कळ आईवडील मुलांची दप्तरे आशीर्वादासाठी घेऊन येतील. आशीर्वाद आम्ही आनंदाने देऊच. पण त्या दप्तरात आपण नेमके काय भरून पाठवतो आणि वर्षाच्या शेवटी त्यातून काय परत येते, याचा थोडा विचार आज देवासमोर बसून करावा, असे आम्हाला वाटते.

आजच्या शुभवर्तमानात प्रभू येशू लोकसमुदायाकडे पाहतो आणि त्याला त्यांचा कळवळा येतो. मेंढपाळ नसलेल्या मेंढरांसारखी ती माणसे त्याला थकलेली, गांजलेली दिसतात. मग तो शिष्यांना म्हणतो की, पीक भरपूर आहे, पण कापणीला माणसे थोडी आहेत. त्यानंतर तो बारा जणांना नावानिशी बोलावतो. क्रम लक्षात घ्या. प्रभू आधी पाहतो, मग कळवळतो आणि त्यानंतर माणसे कामाला लावतो. मुलांच्या शिक्षणाविषयी बोलताना आपण बहुतेकदा तिसऱ्या पायरीपासून सुरुवात करतो. शिक्षकांनी काय करावे, सरकारने काय करावे, फादर-सिस्टरांनी काय करावे, हे आपण घडाघडा सांगतो. मुलाकडे नीट पाहायचे मात्र राहून जाते.

आमचेही ते राहून गेले होते. ते कसे ध्यानात आले, ते सांगतो.

उपवासकाळातला दुसरा रविवार होता. मुलांच्या मिस्सात पहिले वाचन होते उत्पत्तीच्या पुस्तकातले, देव अब्रामाला आपला देश आणि वडिलांचे घर सोडून जायला सांगतो ते. आपल्याच धर्मग्रामातला नववीतला एक हुशार मुलगा वाचनपीठावर आला. आवाज खणखणीत, उभे राहण्याची ढब चांगली. वाचन संपल्यावर पुढच्या बाकावरच्या त्याच्या आजीने कौतुकाने डोळे पुसले. मिस्सानंतर सॅक्रिस्टीत त्याने खिशातला कागद काढून टेबलावर ठेवला, तेव्हा आमचे लक्ष गेले. संपूर्ण मराठी वाचन त्याने इंग्रजी अक्षरांत लिहून आणले होते. त्यात नवल नव्हते. आपली पुष्कळ तरुण मुले प्रार्थना आणि गायने तशीच लिहून घेतात. आम्ही सहज विचारले, "छान वाचलेस. देवाने अब्रामाला काय करायला सांगितले रे?"

तो गप्प. मग थोडा गोंधळून म्हणाला, "फादर, मी फक्त वाचलं."

आम्ही हसलो, पण त्याने पुढे विचारले, "ते समजून पण घ्यायचं होतं का?"

त्या प्रश्नात उद्धटपणा अजिबात नव्हता. तो मुलगा खरोखर विचारत होता. नऊ वर्षे तो शाळेत गेला आहे, सहा वर्षे धर्मशिक्षणाच्या वर्गाला बसला आहे, प्रथम ख्रिस्तशरीर स्वीकारून झाले आहे. या साऱ्या काळात वाचणे म्हणजे समजणे, असे त्याला कधी वाटलेच नाही. तसे वाटावे अशी वेळ आपण त्याच्यावर आणलीच नाही.

बंधुभगिनींनो, त्या दिवसापासून एक प्रश्न आमच्या मनातून जात नाही. आपल्या शाळा मुलांना पुरेसे शिकवतात का?

उत्तर देण्यापूर्वी शाळांचे जे देणे आहे ते आधी मान्य करू या. एकेकाळी शिक्षण ही मूठभरांची मक्तेदारी होती. १८८२ साली महात्मा जोतीराव फुले यांनी हंटर आयोगापुढे निवेदन दिले. बहुजन समाजाच्या प्राथमिक शिक्षणाची आबाळ होते आहे, असे त्यांनी त्यात सांगितले आणि निदान बारा वर्षे वयापर्यंत तरी प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, अशी मागणी केली. भारतात मोफत आणि सक्तीच्या शिक्षणाचा कायदा लागू झाला तो १ एप्रिल २०१० रोजी. एवढी साधी मागणी पुरी व्हायला १२८ वर्षे लागली! आपल्या गावातली जुनी माणसे सांगतात की, आपली शाळा सुरुवातीला चर्चच्या ओसरीवर भरत असे आणि पुढे इमारत उभी राहिली तेव्हा ज्यांच्याजवळ पैसे नव्हते त्यांनी डोक्यावरून विटा वाहिल्या. अंगठा उठवणाऱ्या माणसांनी नातवंडांसाठी ती शाळा बांधली. आज आपल्यात शिक्षक आहेत, परिचारिका आहेत, बँकेत आणि परदेशी जहाजांवर काम करणारे आहेत. हे त्या विटांचे फळ आहे. शाळेवर टीका करताना त्या विटांचा विसर पडू नये.

मुले शाळेत पोहोचली, ही लढाई बऱ्याच अंशी जिंकली आहे. शाळेत पोहोचलेले मूल शिकते का, ही लढाई अजून बाकी आहे.

'प्रथम' ही संस्था २००५ पासून ग्रामीण भारतात 'असर' नावाची पाहणी करते. २०२४ च्या पाहणीत सहा ते चौदा वयाची सुमारे ९८ टक्के मुले शाळेत दाखल असल्याचे दिसले. पण पाचवीतल्या मुलांपैकी दुसरीच्या पातळीचा सोपा मजकूर वाचू शकणारी मुले होती सुमारे ४९ टक्के. २०१८ मध्ये हे प्रमाण जवळपास ५० टक्के होते. कोरोनात शाळा बंद राहिल्यानंतर २०२२ मध्ये ते ४३ टक्क्यांच्या आसपास घसरले होते आणि आता पुन्हा सावरले आहे. सावरले याचा आनंद मानू या. पण सावरूनही आपण पोहोचलो कुठे? पाच वर्षे शाळेत बसलेल्या दोन मुलांपैकी एकाला दुसरीची गोष्ट वाचता येत नाही.

ही आकडेवारी ग्रामीण भागाची आहे, आमच्या मुलांना वाचता येते, असे कोणी म्हणेल. खरे आहे. आमच्या त्या मुलालाही वाचता येत होते. म्हणून आकड्यांपेक्षा त्या पाहणीची रीत आम्हाला महत्त्वाची वाटते. तिथे शंभर मुलांना एका दालनात बसवून पेपर लिहायला लावत नाहीत. एक कार्यकर्ता मुलाच्या घरी जातो, त्याच्या शेजारी बसतो, एक कागद त्याच्या हातात देतो आणि म्हणतो, वाच पाहू. कुठे अडतो ते शेजारी बसलेल्यालाच दिसते. लाखो मुलांची ही अडचण उघडकीला आली, ती कुणीतरी त्यांच्या शेजारी बसले म्हणून.

शाळेत असे शेजारी बसणे किती होते? वर्गात पन्नास-साठ मुले, शिक्षकांवर अहवाल भरण्याची आणि इतर सरकारी कामांची घाई, अभ्यासक्रम संपवण्याचा तगादा. शिक्षक वाईट आहेत असे नाही. त्यांच्यातले कित्येक जण आज या मिस्साला बसले आहेत आणि त्यांचे कष्ट आम्ही जवळून पाहतो. पण या धावपळीत मूल एक युक्ती शिकते. न समजताही चालून जाते, ही ती युक्ती. फळ्यावरचे उतरवून घ्यावे, मार्गदर्शकातली उत्तरे पाठ करावीत, प्रकल्प बाजारातून विकत आणावा. आता तर मोबाइलमधल्या कृत्रिम बुद्धिमत्तेला विचारले की क्षणात निबंध तयार होतो, तोही मुलाच्या वयाला न शोभणाऱ्या सफाईदार भाषेत. गुण मिळतात, सगळे खूश होतात. आत मात्र काहीच पेटलेले नसते.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना संत थॉमस अक्वायनस यांचा शिक्षकाविषयीचा विचार आम्ही परीक्षेसाठी पाठ केला होता. त्याचा अर्थ या वयात उमगू लागला आहे. ते शिक्षकाची तुलना वैद्याशी करतात. वैद्य रोग्याच्या शरीरात आरोग्य ओतत नाही. बरे होण्याची शक्ती देवाने शरीरातच ठेवलेली असते. वैद्य औषध देऊन तिला साहाय्य करतो. तसेच ज्ञान एका डोक्यातून दुसऱ्या डोक्यात घागरीतल्या पाण्यासारखे ओतता येत नाही. समजण्याचा प्रकाश देवाने प्रत्येक मुलाच्या बुद्धीत ठेवला आहे. शिक्षक खुणा दाखवतो, उदाहरणे देतो, पायऱ्या करून देतो. चढायचे मात्र मुलाला स्वतःच असते. याचा अर्थ असा की, समजणे ही मुलाच्या आत घडणारी एक पवित्र गोष्ट आहे. तिथे देवाचा हात आहे. जी शाळा, जे घर, जे चर्च मुलाला न समजताच पुढे ढकलते, ते त्या मुलातल्या देवाच्या देणगीला हात न लावता तशीच परत पाठवते.

समजण्याचा प्रश्न आला की भाषेचा प्रश्न येतोच, आणि आपल्या धर्मग्रामात तो फार नाजूक झाला आहे. आपल्याला माहीत आहे की यंदा आपल्या मराठी प्राथमिक शाळेत पहिलीसाठी अवघ्या नऊ मुलांची नावे आली आहेत. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हा आपण टाळ्या वाजवल्या. त्याच मराठीचा आपला वर्ग नऊ मुलांवर आला आहे. ही खोली इंग्रजी शाळेला द्यावी की काय, असा विषय धर्मग्राम मंडळात निघाला. आम्ही त्या सभेत मातृभाषेवर बरेच बोललो. सभेनंतर एक आई आमच्यापाशी आली आणि म्हणाली, "फादर, तुमचं म्हणणं पटतं. पण माझ्या भावाला मुलाखतीला इंग्रजी बोलता आलं नाही म्हणून परत पाठवलं. तो घरी येऊन दोन दिवस कुणाशी बोलला नाही. माझ्या पोरावर ती पाळी येऊ नये, एवढंच मला कळतं."

तिला काय उत्तर द्यावे, हे आम्हाला त्या क्षणी सुचले नाही. आम्ही स्वतः सेमिनरीत इंग्रजीतच शिकलो आणि त्याचा लाभ आम्हाला मिळाला. ज्याने शिडी वापरली त्याने ती दुसऱ्याला नाकारू नये. इंग्रजी शाळेत मुलाला घालणारे आईवडील भाषेचे वैरी आहेत, असे आम्ही पुन्हा कधी म्हणणार नाही.

पण तिला आणि तिच्यासारख्या सर्वांना आम्ही एक प्रश्न विचारू इच्छितो. आपले मूल अडले तर ते कोणत्या भाषेत अडले आहे, हे आपल्याला कळते का? घरात आपण सामवेदी किंवा वाडवळी बोलतो, चर्चमध्ये मराठी, शाळेत इंग्रजी. तीन भाषा ही श्रीमंती आहे, जर त्यातल्या एका तरी भाषेत मुलाला मन मोकळे करून प्रश्न विचारता येत असेल. पुष्कळ घरांत नेमके उलट होते. शाळेतली भाषा आईवडिलांना अवघड वाटते, म्हणून अभ्यासाचा सारा विषय शिकवणीच्या बाईंकडे जातो. मुलाला वाटते, आईला काही येत नाही. आईलाही तसेच वाटू लागते आणि ती अभ्यासाविषयी बोलणेच सोडते. आपल्या माहेरच्या बोलीत भाजीचा हिशेब, आजारी माणसाची सेवा, मरणाच्या दारातले धैर्य हे सगळे शिकवू शकणारी आई, मुलाच्या शाळेपुढे मुकी होते. हे नुकसान कुठल्याही प्रगतिपुस्तकात दिसत नाही.

शिक्षकांचे आश्रयदाते संत जॉन बाप्टिस्ट द ला साल यांचे उदाहरण इथे उपयोगी पडेल. सतराव्या शतकातल्या फ्रान्समध्ये मुलांना वाचायला शिकवले जाई ते लॅटिनमधून. गरिबांची मुले थोडे दिवस शाळेत येत, न समजणारी अक्षरे घोकत आणि शाळा सोडून जात. ला साल आणि त्यांच्या बंधूंनी मुलांना आधी त्यांच्या फ्रेंच भाषेतून वाचायला शिकवले. त्या काळी लॅटिनला जी प्रतिष्ठा होती ती आज आपल्याकडे इंग्रजीला आहे. आपल्या इतिहासातही असा दाखला आहे. फादर थॉमस स्टीफन्स हे जन्माने इंग्रज. १५७९ मध्ये ते गोव्यात आले, आपल्या लोकांची भाषा शिकले आणि १६१६ मध्ये त्यांचे 'ख्रिस्तपुराण' मराठीत छापले गेले. तारणाची कथा लोकांना समजावी म्हणून एका इंग्रजाने मराठीचे कष्ट घेतले. आपली मुले इंग्रजी जरूर शिकोत, उत्तम शिकोत. पण समजण्याचे पहिले दार ज्या भाषेतून उघडते, ते दार घरातून बंद करू नये.

आता शाळेकडे दाखवलेले बोट आम्ही आमच्याकडे वळवतो.

गेल्या वर्षी दहावीचा निकाल लागला तेव्हा आपल्या चर्चच्या फाटकावर मोठा फलक लागला होता. नव्वद टक्क्यांच्या वर गुण मिळवलेल्या मुलांची छायाचित्रे, खाली अभिनंदन आणि त्याखाली आमचे नाव. पुढे काही महिन्यांनी घरभेटीला गेलो असता एका घरी कळले की, त्या फलकाच्या दिवसांत त्या घरची आई दोन रविवार मागच्या दाराने मिस्साला आली. तिच्या मुलाला अठ्ठेचाळीस टक्के होते. हाच मुलगा आजारी आजोबांना रोज उचलून अंघोळ घालतो आणि पहाटे वाडीवर पाणी सोडून मग कॉलेजला जातो. देवाच्या घरी यायला एका आईला मागचे दार शोधावे लागले आणि पुढच्या दारावर आमचे नाव होते. त्या मातेची आम्ही तिच्या घरी जाऊन क्षमा मागितली आहे. आज आपणा सर्वांसमोर ती पुन्हा मागतो. यंदा तो फलक लागणार नाही. ज्या मुलांनी चांगले गुण मिळवले त्यांचे मनापासून कौतुक आहे. त्यांना आम्ही भेटून, हात हातात घेऊन सांगू.

धर्मशिक्षणाच्या वर्गांविषयीही तेच. प्रश्नोत्तरे तोंडपाठ म्हणून दाखवली की आम्ही मुलांना उत्तीर्ण करत आलो. पोप लिओ चौदावे यांनी १ नोव्हेंबर २०२५ रोजी संत जॉन हेन्री न्यूमन यांना ख्रिस्तसभेचे आचार्य म्हणून घोषित केले आणि संत थॉमस अक्वायनस यांच्याबरोबर त्यांना कॅथलिक शिक्षणाचे सहआश्रयदाते नेमले. या न्यूमन यांनी संमतीचे दोन प्रकार सांगितले आहेत. एखादे विधान खरे आहे असे नुसते मान्य करणे हा एक आणि ते सत्य जणू समोर उभे आहे असे मनाला जाणवून त्याला होकार देणे हा दुसरा. 'देव माझा पिता आहे' हे वाक्य पहिल्या प्रकारे आपल्या सगळ्या मुलांना येते. घरी भांडण झाले, परीक्षेत नापास झाले, मित्राने पाठ फिरवली, तेव्हा त्यातल्या किती जणांना तो पिता आठवतो? धर्मशिक्षणाची परीक्षा तिथे आहे.

दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी ख्रिस्ती शिक्षणाविषयीचा जाहीरनामा प्रसिद्ध केला. त्यात आईवडील हेच मुलांचे पहिले आणि प्रमुख शिक्षक आहेत, असे स्पष्ट सांगितले आहे. शाळा त्यांना मदत करते. त्यांची जागा घेत नाही. अनुवादाच्या पुस्तकातही मोशे इस्राएली लोकांना सांगतो की देवाची वचने मुलांच्या मनावर बिंबवा. घरी बसलेले असताना, वाटेने चालताना, झोपताना, उठताना त्याविषयी बोला. यात फळा नाही, फी नाही, पदवीची अट नाही. मुलाला स्कूटरवर मागे बसवून शाळेत सोडणारा बाप आणि वाडीत फुले खुडताना लेकीशी बोलणारी आई हे मोशेच्या मते शिक्षकच आहेत.

आणि शेवटी फिलिप. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या आठव्या अध्यायातला हा प्रसंग आम्ही त्या उपवासकाळापासून पुन्हा पुन्हा वाचतो. इथिओपियाच्या राणीचा खजिनदार रथात बसून यशयाचे पुस्तक मोठ्याने वाचत चालला आहे. शिकलेला माणूस, मोठा अधिकारी. पवित्र आत्मा फिलिपला त्या रथाजवळ जायला सांगतो. फिलिप धावत जातो, वाचणे ऐकतो आणि विचारतो की, हे वाचता आहात ते समजते आहे का? तो अधिकारी रागावत नाही, लाजत नाही. कुणी वाट दाखवल्याशिवाय मला कसे समजणार, असे तो सरळ सांगतो आणि फिलिपला रथात चढून शेजारी बसायची विनंती करतो. फिलिप आपल्या ठरलेल्या धड्यापासून सुरुवात करत नाही. तो माणूस जिथे अडला होता त्याच ओळीपासून येशूची सुवार्ता सांगू लागतो. पुढे वाटेत पाणी लागते, बाप्तिस्मा होतो आणि तो माणूस आनंद करत आपल्या वाटेने जातो.

संपूर्ण शिक्षणशास्त्र या प्रसंगात आहे. धावत जा. आधी ऐक. समजते का ते विचार. शेजारी बस. तो अडला तिथून सुरुवात कर. आणि मग त्याला आनंदाने त्याच्या वाटेने जाऊ दे.

आपल्या मुलांच्या रथाशेजारून आपण रोज जातो. शाळा त्यांना वाचायला शिकवते. शाळेने समजावूनही सांगावे, हा आग्रह आपण धरूच. आपल्या शाळेच्या शिक्षकांबरोबर आम्ही या महिन्यात याच विषयावर बसणार आहोत. पण एका शिक्षकाला साठ रथांवर चढता येत नाही. म्हणून तीन गोष्टी आम्ही आपणापुढे ठेवतो.

पहिली घरासाठी. रात्री जेवणानंतर किंवा कौटुंबिक प्रार्थनेनंतर दहा मिनिटे मोबाइल आणि टीव्ही बंद ठेवून मुलाजवळ बसावे. आज काय शिकलास, असे विचारले तर 'काही नाही' हेच उत्तर येते, हा सर्वांचा अनुभव आहे. त्याऐवजी विचारावे, आज तुला काय समजले नाही? उत्तर आपल्याला आले नाही तरी बिघडत नाही. 'मलाही येत नाही, आपण उद्या बाईंना विचारू' असे आईने म्हटले तर मुलाला कळते की, न समजणे हे पाप नाही, न विचारता राहणे हे नुकसान आहे. बारा वर्षांचा येशू मंदिरात सापडला तेव्हा तोसुद्धा गुरुजनांमध्ये बसून ऐकत होता आणि प्रश्न विचारत होता.

दुसरी चर्चसाठी. यापुढे रविवारचे वाचन वाचकाला गुरुवारीच दिले जाईल आणि शनिवारी त्याने किंवा तिने त्याचा अर्थ दोन वाक्यांत, कोणत्याही भाषेत किंवा बोलीत, आम्हाला किंवा सिस्टरांना सांगावा. कागदावर इंग्रजी अक्षरे असली तरी तूर्त चालेल. आम्हाला अर्थ हवा आहे. देवनागरी शिकायची असेल त्यांच्यासाठी पुढची सोय आहेच.

तिसरी आपणा सर्वांसाठी. जुलैच्या पहिल्या शनिवारपासून दुपारी चार ते पाच या वेळात आपल्या सभागृहात वाचनाचा तास सुरू होईल. ही शिकवणी नव्हे. फी नाही, परीक्षा नाही, गुण नाहीत. एका मोठ्या माणसाने एका मुलाच्या शेजारी बसायचे, एक पान वाचायचे आणि त्यावर बोलायचे, एवढेच. आपल्या मराठी शाळेतली, इंग्रजी शाळेतली, पाड्यावरची आणि कामासाठी बाहेरून आलेल्या कुटुंबांतली मुलेही येतील. जातधर्म विचारला जाणार नाही. निवृत्त शिक्षक हवेत, कॉलेजचे तरुण हवेत, आणि जिला फक्त बोलीच येते पण गोष्टी सांगता येतात अशी आजीही हवी. त्या सभेनंतर आमच्यापाशी आलेल्या आईला आम्ही पहिले निमंत्रण दिले आहे. तिने विचारले, "मला इंग्रजी येत नाही, मी काय करू?" आम्ही म्हटले, "तू फक्त शेजारी बस आणि विचार, समजलं का?" ती येते म्हणाली आहे.

राहिला पहिलीचा वर्ग. यंदा नऊ मुलांचा तो वर्ग भरणार आहे. पुढच्या वर्षीचे आज सांगता येत नाही. तो निर्णय आपण सर्वांनी मिळून, आकडे पाहून आणि प्रार्थना करून घेऊ. पण ज्या खोलीसाठी आपल्या आजोबांनी विटा वाहिल्या त्या खोलीत या वर्षी नऊ मुलांच्या शेजारी बसायला शिक्षकाला भरपूर जागा आहे, आणि त्या नऊ जणांना वाचलेले समजेल याची जबाबदारी आम्ही घेतो.

तो वाचन करणारा मुलगा गेल्या आठवड्यात पुन्हा भेटला. त्याने अब्रामाची गोष्ट घरी आजीला विचारली होती. आजीने ती आपल्या बोलीत सांगितली. तो आम्हाला म्हणाला, "फादर, अब्राम म्हातारा होता ना? आजी म्हणते, एवढ्या वयात घर सोडायचं म्हणजे केवढा विश्वास पाहिजे. मला वाटलं होतं तो तरुण असेल." त्या मुलाने तो प्रसंग आता खऱ्या अर्थाने वाचला आहे. आणि त्याच्या आजीने शाळेच्या सातव्या इयत्तेपुढे पाऊल टाकलेले नाही.

प्रार्थना करू या. हे प्रभो येशू ख्रिस्ता, लोकांकडे पाहून तुला कळवळा आला. आमच्या मुलांकडे तुझ्या नजरेने पाहायला आम्हाला शिकव. ती अडतात तिथे आम्हाला थांबव, त्यांच्या शेजारी बसण्याचे धैर्य आणि सवड दे. आमच्या शिक्षकांना, विशेषतः थकलेल्या शिक्षकांना तुझा विसावा दे. गुणांच्या यादीत ज्यांचे नाव नाही त्यांची नावे तुझ्या हृदयावर कोरलेली आहेत, हे आम्हाला विसरू देऊ नकोस. तुझ्या कापणीसाठी कामकरी पाठव, आणि तो कामकरी मी असेन तर मला उठव. आमेन.

देव आपणा सर्वांना आणि आपल्या मुलांना आशीर्वाद देवो.

– आपले धर्मगुरू

(वाचनाच्या तासासाठी नावे मिस्सानंतर धर्मग्राम कार्यालयात द्यावीत. सुरुवातीला निदान दहा जण हवे आहेत.)